छोट्या मोटारीचा रंग का बिघडतो?

प्लास्टिकवर रंग धरवण्याची विद्या छत्रपती संभाजीनगरला परकी नाही. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांच्या अवतीभवती सुट्या भागांचे कारखाने, पेंट शॉप आणि डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे उभी राहिली. दुचाकीची बाजूची पॅनेल, पुढचे काउल, मागचा भाग ही सगळी प्लास्टिकची कामे. साच्यातून निघाल्यावर ती साफ होतात, रंगतात, भट्टीत वाळतात आणि नंतर कित्येक वर्षे मराठवाड्याच्या उन्हात टिकतात. पण याच शहरातला एखादा हौशी माणूस वीतभर लांबीची प्लास्टिकची मॉडेल मोटार नव्याने रंगवायला घेतो, तेव्हा रंग तडकतो, पांढुरका पडतो, सुरकुततो किंवा टेपबरोबर सोलून निघतो. मग दोष रंगाच्या डब्याला दिला जातो.

माझ्या मते डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो. बिघाड दिसतो रंगाच्या शेवटच्या हातात, पण त्याचे मूळ प्लास्टिकमध्ये, आधीच्या हातात किंवा त्या दिवशीच्या हवेत असते. ते मूळ न शोधता वरून आणखी एक हात मारला की बिघाड दुप्पट होतो.

प्लास्टिकपासून सुरुवात करू. टामिया, रेव्हेल, एअरफिक्स यांच्या जोडायच्या मोटारींची बॉडी बहुधा पॉलिस्टायरीनची असते. हे प्लास्टिक कडक असते, त्यावर बारीक नक्षी छान उठते, पण टोल्युईन, अ‍ॅसिटोन आणि एस्टर जातीच्या द्रावकांत ते सरळ विरघळते. आपल्याकडे ऑटो पेंटच्या दुकानात मिळणारे एनसी थिनर हे नेमके अशाच द्रावकांचे मिश्रण असते. मॉडेलचे भाग चिकटवण्याचा सिमेंटही याच गुणावर चालतो. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून घट्ट होतात. रंगातले द्रावक अगदी थोडे मुरले तर रंग प्लास्टिकला पक्का धरतो. जास्त मुरले तर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरांचे जाळे उमटते.

खऱ्या मोटारीच्या बंपरचे गणित याच्या अगदी उलट आहे. बंपर पॉलिप्रॉपिलीनच्या मिश्रणाचा असतो. त्याला साधे थिनर जवळपास काहीच करत नाही आणि रंगही त्याला धरत नाही. म्हणून कारखान्यात अशा भागांवरून क्षणभर ज्योत फिरवतात किंवा गॅरेजमध्ये आधी खास प्लास्टिक प्रायमरचा हात देतात. दुचाकीची पॅनेल अनेकदा एबीएसची असतात आणि ती या दोन टोकांच्या मधे बसतात. त्यामुळे गॅरेजमधल्या अनुभवी कारागिराचा सल्ला घ्यावा, पण तो कोणत्या प्लास्टिकबद्दल बोलतो आहे हे आधी विचारावे. बंपरवर रंग धरावा म्हणून थिनरने जोरात पुसणे चालते. पॉलिस्टायरीनच्या छोट्या बॉडीवर तोच बोळा फिरवला तर दरवाजाची रेघ पुसली जाईल. रिमोटवर धावणाऱ्या गाड्यांची पारदर्शक बॉडी पॉलिकार्बोनेटची असते आणि ती आतून रंगवतात. तिचा विचार इथे करत नाही.

चिरा कुठे पडतात ते नीट पाहावे, कारण जागाच कारण सांगते. साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबाने शिरते आणि झटकन थंड होते, तेव्हा काही ठिकाणी ताण आत अडकून राहतो. ज्या तोंडातून प्लास्टिक आत आले त्याच्या जवळपास, काचेच्या चौकटीच्या बारीक खांबांवर आणि तीव्र कोपऱ्यांवर हा ताण अधिक असतो. द्रावक तिथेच आधी शिरते. चिरा फक्त अशा जागी असतील तर पहिला हात जरा जास्त ओला गेला इतकेच. त्या सगळीकडे असतील तर तो रंग या प्लास्टिकसाठी नव्हेच. चिरा रंगाने बुजत नाहीत. तो भाग आधी पूर्ण वाळू द्यावा, ६०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने घासावा, बारीक लांबी, म्हणजे पुट्टी, भरावी, पुन्हा घासावा आणि पातळ पातळ प्रायमर द्यावा. मोटारीचा स्प्रे मॉडेलवर वापरता येतच नाही असे नाही. पहिले दोन हात इतके हलके द्यावेत की द्रावक प्लास्टिकवर टेकताटेकताच उडून जाईल. मधे प्रायमर पक्का वाळला की पुढचा हात ओला गेला तरी धोका पुष्कळ कमी होतो.

जाडीचा हिशेबही इथेच करून टाकावा, कारण निम्मे बिघाड त्यात सापडतात. कारखान्यातून निघालेल्या मोटारीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर भरतात. तेवढाच रंग १:२४ प्रमाणाच्या मॉडेलवर चढला तर खऱ्या मोटारीच्या मापात तो २.४ मिलिमीटर होतो. दरवाजाची फट, बॉनेटची कड, नावाची उठावाची अक्षरे सगळी त्यात बुडतात. पुन्हा रंगवायला घेतलेल्या मॉडेलवर आधीचा रंग तसाच ठेवला तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. म्हणून जुना रंग उतरवणे हा आळस करण्याचा टप्पा नाही.

उतरवायचे कसे? थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल यांना हात लावू नये. बहुतेक अ‍ॅक्रिलिक आणि काही लॅकर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास बुडवल्यावर सुटतात. जुन्या इनॅमलसाठी डॉट ३ प्रतीचे ब्रेक ऑइल चांगले लागू पडते आणि ते कुठल्याही गॅरेजजवळ मिळते. पण फार दिवस बुडवून ठेवले तर प्लास्टिक ठिसूळ होऊ शकते, म्हणून रोज काढून दातांच्या जुन्या ब्रशने घासावे. हातमोजे घालावेत. डॉट ५ प्रतीचे मात्र चुकूनही घेऊ नये. ते सिलिकॉनचे असते आणि सिलिकॉनचे उपद्व्याप पुढे सांगतो. घरातले मूळ तपकिरी डेटॉलसुद्धा इनॅमल आणि अ‍ॅक्रिलिक उतरवते. अट एवढीच की रंग सुटल्यावर पहिली धुणी डेटॉलनेच करावी. लगेच पाणी घातले तर चिकट लगदा होऊन तो रेघांत बसतो. क्रोमचा मुलामा दिलेल्या बंपरवर किंवा जाळीवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो. कपड्यांच्या ब्लीचमध्ये तो थोड्या वेळात निघून जातो. गॅरेजमध्ये हार्डनर घालून मारलेला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग यातल्या कशानेच नीट उतरत नाही. तिथे पेपर मारण्यावाचून मार्ग नाही.

आता हवा, आणि हा भाग आपल्या शहरात सर्वांत महत्त्वाचा. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी ठाक असते. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान उतरते, पण हवेत ओल भरून राहते. रंगाच्या डब्यांवरच्या सूचना या दोन टोकांच्या मधल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात.

पावसाळ्यात लॅकरचा काळा हात मारला आणि दहा मिनिटांत त्यावर दुधाळ साय आली, हा अनुभव इथल्या प्रत्येक रंगाऱ्याला आहे. द्रावक उडते तेव्हा ते पृष्ठभागातली उष्णता घेऊन जाते, म्हणून ओला रंग आसपासच्या हवेपेक्षा काही अंश थंड होतो. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दव पडायचे तापमान सुमारे २५ अंश येते. रंग फक्त तीन अंश थंड झाला की हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. ते पाणी रंगात अडकते आणि प्रकाश विखुरते, म्हणून रंग पांढुरका दिसतो. हाच हिशेब उन्हाळ्यात करून पाहा. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास जातो. रंग २७ अंश थंड होणे शक्यच नाही, त्यामुळे मे महिन्यात ही साय येत नाही.

यावर उपाय आहे आणि बॉडी फुकट जात नाही. रंग पूर्ण वाळू द्यावा, कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि हळू उडणाऱ्या द्रावकाचा, म्हणजे दुकानात रिटार्डर म्हणून मिळतो त्याचा, अगदी हलका फवारा द्यावा. वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेले पाणी निसटते आणि काळा रंग परत येतो. झटपट उडणारे स्वस्त थिनर पावसाळ्यात टाळावे, कारण जितके वेगाने ते उडते तितका पृष्ठभाग थंड होतो. दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ही माझ्या मते या छंदातली सर्वांत उपयोगी खरेदी आहे. काटा ७० टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी लॅकर आणि क्लिअर मारूच नये. तेवढ्या वेळात पेपर मारणे, लांबी भरणे, आतल्या सीट रंगवणे अशी पुष्कळ कामे होतात.

उन्हाळ्याचा बिघाड निराळा. नोझलपासून बॉडीपर्यंतच्या वीतभर अंतरात थेंबातले द्रावक उडून जाते. थेंब अर्धवट सुकलेला येऊन टेकतो आणि पसरत नाही. मग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पृष्ठभाग मिळतो, किंवा हाताला रेताड लागणारी पूड बसते. इथे लोक डबा जवळ नेतात, रंग भरभरून मारतात आणि तो ओघळतो. त्यापेक्षा सकाळी सहा-सातला, फरशी गार असताना काम करावे. अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवावे, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि एअरब्रश असेल तर रंगात थोडा रिटार्डर घालावा. डिसेंबरच्या थंड सकाळी याच्या उलट होते. डब्यातला दाब कमी पडतो, रंग जाड येतो आणि थेंब मोठे पडतात. तेव्हा डबा हाताला कोमट लागणाऱ्या पाण्यात काही मिनिटे धरावा. गॅसवर, उकळत्या पाण्यात किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत डबा कधीही ठेवू नये. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो आणि मे महिन्यात बंद मोटारीत तेवढे तापमान सहज होते.

खडबडीत झालेला रंग वाचवता येतो. काही दिवस वाळल्यावर पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून १५०० आणि मग २००० नंबरचा पेपर हलक्या हाताने मारावा आणि शेवटी रबिंग कंपाउंड फिरवावे. कडांना मात्र हात लावू नये. ओला रंग स्वतःच्या ताणाने कडेपासून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच सर्वांत पातळ असतो आणि पेपरचे दोन फेरे प्लास्टिक उघडे पाडतात. बफिंग करणारे कारागीर कडांवर आधी टेप लावून घेतात. ती सवय उचलण्यासारखी आहे.

आता आधीचा हात. थरांच्या भांडणाचे एक मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांचे रंग सुटू लागले म्हणून निजाम सरकारने १९२०-२२ मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का करण्याचे मोलाचे काम केले, पण चित्रांवर संरक्षणासाठी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, हात दिला. काळ गेला तसा तो पिवळा-तपकिरी पडला, आकसला आणि त्याने खालचे रंग झाकले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हळूहळू उतरवत बसावे लागले. मातीचा गिलावा आणि त्यावरचे चित्र हवेतली ओल घेतात आणि सोडतात. वरचा कडक, बंद थर तसे करत नाही. वरचा थर खालच्यापेक्षा वेगळ्या चालीचा असेल तर दोघांपैकी एकाला इजा होते.

मॉडेलवर हे भांडण काही मिनिटांत दिसते. हार्डवेअरच्या दुकानातला सिंथेटिक इनॅमल हवेतला प्राणवायू घेत घेत पक्का होतो. हाताला तो एका दिवसात कोरडा लागतो, पण आतून पिकायला आठवडे लागतात. त्या अर्धकच्च्या थरावर लॅकरचा स्प्रे पडला की तीव्र द्रावक खाली शिरते, इनॅमल फुगतो, जागा सापडत नाही म्हणून उचलला जातो आणि सुरकुत्या पडतात. असा रंग दाबून बसत नाही, तो उतरवावाच लागतो. नियम साधा आहे: तीव्र द्रावकाचा रंग खाली, सौम्य वर. लॅकरवर इनॅमल चालतो, लॅकरवर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक चालतो, इनॅमलवर लॅकर चालत नाही. काही स्प्रेच्या डब्यांवर पुढचा हात अमुक तासांच्या आत किंवा मग अमुक दिवसांनंतर मारावा असे लिहिलेले असते. मधला काळ धोक्याचा असतो, कारण तेव्हा थर ना पुरता कच्चा असतो ना पुरता पक्का. ती बारीक अक्षरातली ओळ वाचलीच पाहिजे.

लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा किंवा पिवळा रंग दिला की काही वेळाने तो गुलाबीसर होतो. प्लास्टिकमधला लाल रंजक द्रावकात विरघळून वर चढतो. पांढऱ्याचे कितीही हात दिले तरी तो चढतच राहतो. आधी चंदेरी रंगाचा एक पूर्ण हात द्यावा. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण एकमेकांवर आडवे पडतात आणि रंजकाची वाट अडते.

आता सिलिकॉन. रंग मारताच त्यात गोल गोल खळगे पडले आणि तळाशी प्लास्टिक दिसू लागले, तर पृष्ठभागावर तेलकट काहीतरी आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ एकक धरला तर सिलिकॉन तेलाचा जेमतेम २१ असतो. रंगाचा त्याहून अधिक असतो, त्यामुळे रंग त्या ठिपक्यावर पसरत नाही, उलट मागे सरतो. मोटारींच्या पेंट शॉपमध्ये याच कारणाने कामगारांना सिलिकॉन असलेली क्रीम आणि डिओडरंट लावून आत येऊ देत नाहीत. आपल्या घरात त्याचे साथीदार पुष्कळ: डॅशबोर्ड चमकवायचे पॉलिश, केसांचे सिरम, डोक्याचे खोबरेल तेल, साच्यातून भाग सुटावा म्हणून कारखान्यात लावलेले तेल. बॉडी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवावी, वाळवावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि त्यानंतर बोटे लावू नयेत. आतून बाटली किंवा काठी अडकवून तिला धरावे. टेप काढताना रंग सोलून येतो त्यामागेही बहुतेक वेळा हीच न धुतलेली बॉडी असते.

धुळीबद्दल थोडेसे. प्लास्टिक कोरड्या कापडाने पुसले की त्यावर स्थिर वीज साठते आणि ते कण ओढून घेते. म्हणून शेवटचे पुसणे किंचित ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने करावे. पंखा बंद ठेवावा, फरशीवर पाणी शिंपडावे आणि रंग मारल्याबरोबर वर स्वच्छ डबा झाकावा. ओल्या रंगात पडलेला केस चिमट्याने उचलायला जाऊ नये. वाळल्यावर पेपरने तो सहज निघतो.

हे सगळे करताना फुप्फुसांची काळजी पहिली. रुमाल बांधून द्रावकाची वाफ अडत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. गॅलरीत किंवा गच्चीवर काम करावे, आसपास गॅस, निरांजन, उदबत्ती पेटलेली नसावी. हार्डनर घालून मारायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. ते काम ताज्या हवेचा पुरवठा असलेल्या स्प्रे बूथमधल्या माणसाकडूनच करून घ्यावे. मुलांच्या हाती तर हा रंग देऊच नये. वापरलेले थिनर आणि ब्रेक ऑइल मोरीत ओतू नका. बंद बाटलीत साठवा आणि वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

बॉडीला हात घालण्याआधी चाचणी नक्की करा. पूर्वी यासाठी पॉलिस्टायरीनचे चमचे वापरत. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, पण त्यापेक्षा चांगली वस्तू किटच्या खोक्यातच असते. भाग ज्या चौकटीला जोडून येतात ती नेमक्या त्याच प्लास्टिकची असते. तिचा एक तुकडा धुऊन त्यावर तोच प्रायमर, तोच रंग आणि तोच क्लिअर, त्याच हवेत आणि तेवढ्याच अंतराने मारा. दोन दिवसांनी टेप लावून ओढून पाहा. तिन्ही हात टिकले तर मगच बॉडी रंगवायला घ्या.